पॅडवर न घेतलेली सही

मुलांनो, तुम्ही फोनवर विचारलंत, खेळाडूने सामन्यात वापरलेली वस्तू हाती आली तर तिच्यावर सही घ्यावी, की ती आहे तशी जपावी? तिकडे परदेशात अशा वस्तू जमवणाऱ्यांमध्ये म्हणे यावर मोठा वाद आहे. आमच्या घरात तो एकदाच झाला.

ही एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट, मी अलिबागेत इंग्रजी शाळेत जात होते तेव्हाची. मुंबईचा एक क्रिकेट संघ आमच्याकडे खेळायला आला. सामना समुद्रावर होता, ओहोटीने घट्ट झालेल्या वाळूवर मॅटिंग अंथरून. रेवसपर्यंतच्या लाँचमध्ये त्यांच्या एका खेळाडूला बोट लागली. तो पडूनच राहिला, म्हणून त्याच्या जागी त्यांनी माझ्या थोरल्या भावाला घेतलं. दादाजवळ पॅड नव्हते. त्यांचा नामांकित फलंदाज बाद होऊन परतला, त्याने वाळूत बसून स्वतःचे पॅड सोडले आणि दादाच्या पायांना स्वतः बांधले. दादाने थोड्याच धावा केल्या, पण शेवटपर्यंत टिकला. सामना संपल्यावर तो फलंदाज म्हणाला, "राहू देत तुझ्याकडेच."

दादाने बाबांपुढे हात केला. "बाबा, तुमचं पेन द्या ना. यावर सही घेतो."

बाबा वकील होते, पेन कोटाच्या खिशात कायम असे. ते म्हणाले, "पॅडवर? अरे, पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. अक्षर म्हणजे सरस्वती. ती पायाला बांधणार तू?"

"बांधणार नाही. भिंतीवर लावीन."

"पायातली वस्तू भिंतीवर! देवांच्या शेजारी लाव म्हणजे झालं."

फलंदाज हसला. "वकीलसाहेब, माझं अक्षर बघून सरस्वती म्हणेल, मी याला ओळखत नाही."

सगळे हसले, बाबासुद्धा. पेन मात्र खिशातून निघालं नाही.

"बरं, कागद आणा, कागदावर देतो," तो म्हणाला.

"कागदावर नको," दादा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. भरतीचं पाणी मॅटिंगपर्यंत आलं, सामानाची धावपळ उडाली आणि पाहुणे टांग्यात बसून निघून गेले.

अलिबागेत सर्वांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तिथे सहीची गरज नव्हती. पण दादा नोकरीसाठी मुंबईला गेला आणि त्याने ते पॅड कचेरीतल्या मित्रांना दाखवले. "वा! माझ्याकडेही शिवाजी महाराजांची तलवार आहे, तिच्यावरही सही नाही," एकजण म्हणाला. पुढे दादाने ते कचेरीच्या संघाला खेळायला देऊन टाकले. दोन मोसमांत त्यांच्या चिंध्या झाल्या.

बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी खिशातलं पेन काढून हातात धरलं. मग म्हणाले, "पेन द्यायला हवं होतं मी."

"असू दे हो बाबा," दादा म्हणाला. बाबांना वाईट वाटू नये म्हणून त्याने लगेच आंब्याच्या मोहोराची चौकशी केली.

मुलांनो, वाद घालणारे काहीही म्हणोत, सही घ्या. वस्तू थोडी बिघडेल, बिघडू दे. दादा म्हातारपणीही ही गोष्ट सांगत असे, पण त्या फलंदाजाचं नाव कधी घेत नसे. "एका ओळखीच्याने पॅड दिले होते," एवढंच म्हणायचा, म्हणजे कोणी हसत नसे.