कंपनीच्या नंबरावर बाबांचा फोन

अकोला स्टेशनवर बाबा मला पोचवायला आले ते सरळ बाजारातून. वांगी विकून झाली होती, सदऱ्याला कोथिंबिरीचा वास येत होता. माझी बॅग बाकाखाली ढकलली आणि डब्यातल्या लोकांना सांगत सुटले, "पोरगी हाय माही. शेतकीची ग्रॅज्युएट हाय. पुण्याले कंपनीत लागली." समोरच्या बाईंनी मान हलवली, खिडकीपाशी बसलेल्या काकांनी पेपर तोंडापुढे धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, उतरा आता, गाडी सुटते," म्हटलं तर म्हणे, "सुटू दे. गाडीचं कामच हाय ते." उतरले ते गाडी हलल्यावर, आणि फलाटावरून चालता चालता ओरडले, "आता मांगं पाहू नको वं!"

मी मागे पाहिलं नाही. बार्शीटाकळीच्या शाळेतून अकोल्याच्या कृषी महाविद्यालयात गेलेली, भाजीवाल्या माळ्याच्या घरातली मी पहिली पदवीधर. मला शिकवणाऱ्यांचे, माझ्या वाटणीची टोपली स्वतः उचलणाऱ्या आईचे उपकार मी विसरलेली नाही. पुढे चिडचिड दिसेल, ती त्यांच्यावर नाही. निदान सगळी नाही.

पुण्यात मला मिळालं ते काम म्हणजे बियाणं आणि औषधं विकणाऱ्या एका कंपनीची हेल्पलाइन. पुड्यावर फुकटचा नंबर छापलेला असायचा, शेतकऱ्यानं फोन करायचा, आम्ही उत्तर द्यायचं. वाटलं होतं, शिकलेलं सगळं इथे कामाला येईल. पहिला महिना मात्र बोलायचं कसं हे शिकण्यात गेला. माझ्या तोंडून "तुमाले" निघालं की आमच्या टीम लीडर मॅडम काचेवर पेन वाजवायच्या. मग मी "आपल्याला" म्हणायला शिकले. "मी आपली काय मदत करू शकते?" हे वाक्य मी आरशासमोर पाठ केलं. उत्तरं पाठ करायची गरज नव्हती. ती स्क्रीनवर यायची आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी कंपनीचंच एखादं औषध असायचं.

ती वर्षं कशी होती हे गावी राहिलेल्यांना सांगायला नको. पाऊस दडी मारायचा, दुबार पेरणी व्हायची, कापूस हाती लागायचा नाही. आपल्याकडे जो तो शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजबद्दल बोलत होता आणि माझ्या खोलीतल्या मुली स्वतःच्या पगाराला पॅकेज म्हणत होत्या. चांदूर रेल्वेचा, धामणगावचा माणूस फोनवर विचारायचा, "म्याडम, उगवलंच नाही तं काय करू?" आणि मी वाचायचे, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." मी पदवी कशासाठी घेतली होती? वाचता येतं हे दाखवायला?

एका दुपारी फोन घेतला आणि पलीकडून आवाज आला, "हॅलो, म्याडम का? मी बार्शीटाकळीवरून बोलून राहिलो."

बाबा होते.

मी "बाबा" म्हणणार होते. पण कॉल रेकॉर्ड होतात, घरगुती बोलणं चालत नाही आणि त्या आठवड्यात मला एक समज मिळाली होती. मी म्हणाले, "आपलं नाव सांगाल का?" त्यांनी सांगितलं आणि मी ते टाइप केलं. मिरचीची पानं वाटीसारखी आकसली, शेंडे बसले, म्हणाले. स्क्रीनवर फवारणीचं औषध आलं. मला ठाऊक होतं की चुरडा रोग एवढा वाढल्यावर ती झाडं काही सुधरत नाहीत. ती उपटून जाळायची, म्हणजे बाकीची तरी वाचतात. मी औषधाचं नाव वाचलं, पाण्यातलं प्रमाण वाचलं. वर बाबा म्हणाले, "माही पोरगीबी हेच शिकली म्याडम, पन तिले कामाच्या टायमात कायले तरास द्या?"

"आपला दिवस शुभ असो," मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात नव्या मुलींच्या प्रशिक्षणात हाच कॉल आदर्श म्हणून ऐकवला. शांत स्वर, शुद्ध भाषा, वेळेत उत्तर. टीम लीडर मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली.

कॉलेजच्या मैत्रिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप तोवर माझ्यासाठी सुविचारांचं गाठोडं होता. त्या दिवशी मी त्यावर लिहिलं, "नोकरी सोडावी म्हणते. भेटायचं का?" लगेच शाहीनचा फोन आला. अकोल्यात आम्ही एका खोलीत राहायचो. आता तिनं तिथेच शहराबाहेर रोपवाटिका टाकली होती. अमरावतीहून वैशालीलाही बोलावलं. ती कैक वर्षं तिथे स्पर्धा परीक्षांचे क्लास करत होती.

शाहीनच्या शेडनेटखाली आम्ही तिघी मिरचीच्या रोपांच्या ट्रेंच्या मधे बसलो. मी माझं रडगाणं गायले. ते संपल्यावर वैशालीनं पर्समधून प्लास्टिकची फाइल काढून माझ्या मांडीवर ठेवली. तिचा बायोडाटा होता.

"तू सोडूनच राहिली तं तुया जागी मले लाव ना," ती म्हणाली.

"अगं, मी आत्ता काय सांगितलं तुला?"

"ऐकलं ना सगळं. पंखा हाय, खुर्ची हाय, वाचून दाखवा लागते. मी आठ वर्षं झाली वाचूनच राहिली."

शाहीन पोट धरून हसली. "पागल हाय दोघी. एकीले खुर्ची टोचते अन् एकीले खुर्ची पाहिजे." मग माझ्याकडे वळली. "आन् तू ते 'सांगितलं-बिंगितलं' पुण्यात ठेव. रोपं घ्यायले आलेला मानूस घाबरून पयून जाईल. येते का पार्टनर म्हणून? मले विकता येते, पन रोग ओळखता येत नाही. परीक्षेत तुयाच पेपरात पाहून लिहिलं होतं मी."

इतक्या वर्षांत माझ्या शिक्षणाची अशी मागणी कोणी केली नव्हती.

तिथून तशीच गावी गेले. बाबा मिरचीच्या वाफ्यात होते, फवारलेली झाडं एकेक उपटत. मी सांगून टाकलं, "बाबा, तो फोन मीच घेतला होता."

"कोनता?"

"कंपनीचा. मिरचीचा."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. "मंग बोलली काहून नाही?"

"बोलता येत नाही तिथे. लिहिलेलं वाचावं लागतं."

"हे उपटा लागते, तुले माहीत होतं?"

"होतं."

त्यांनी हातातलं झाड बाजूला टाकलं. "तुया मायले म्या सांगतलं होतं, काय गोड बोलली ते बाई. म्हटलं, शिकलेली बाई अशी बोलते."

मी नोकरी सोडतेय म्हटल्यावर मात्र ते भडकले. "चार मिरच्यांपाई? टोपल्याखालून काढलं तुले, अन् तू पुन्हा टोपल्यातच बसते?" मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. पुण्यात माझं बोलणं चालत नव्हतं आणि इथे माझं येणं चालत नव्हतं. महिन्याभरानं मी राजीनामा दिला. माझी जागा वैशालीला मिळाली. छान बोलते म्हणतात.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. अकोल्यात खोली घेऊन राहते, दिवसभर शाहीनशी भांडते, रोगट रोपं फेकून देते म्हणून ती माझ्यावर ओरडते. दर शनिवारी गावी जाते. स्टँडवर कोणी विचारतं, "कवा आली बाई?" आणि मी तोंड उघडायच्या आत बाबा सांगतात, "सुट्टीवर आली. पुण्याची कंपनी हाय, सुट्ट्या लय देतात." दोन वर्षं! तुम्ही जे कोणी बाहेर गेलात आणि परत यायचं मनात घोळवताय, तुम्हाला एवढंच सांगते, की तिकीट काढून गाव गाठता येतं. घर त्याच्या पुढे असतं, आणि तिथवर जायला कोणती गाडी लागते ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या शनिवारी वाफ्यात आम्ही दोघंच होतो. नव्या मिरचीवर थोडा चुरडा दिसत होता. बाबांनी बांधावर कोणी नाही ना, ते पाहून घेतलं.

"तुही सुट्टी कवा संपते वं?"

"नाही संपत, बाबा."

"मंग तिकडच्या कोपऱ्यापासून पाह्य," ते म्हणाले. "कोनतं उपटाचं ते सांग."