थंड गाडी

जुनी गाडी विकायला काढलीत, तर घेणारा यायच्या आधी ती चालू करून ठेवाल का? मी ठेवली होती.

आमच्या घरात खेळण्यांआधी पत्रकं आली. वडील सभांसाठी छापून आणायचे, घड्या घालायचं काम माझं. कॉलेजात मीही एक काढलं: वस्तू दुरुस्त करा, फेकू नका. ते लिहिणाऱ्या मुलीनं आपली स्कूटर विकायची म्हणजे दगाच. म्हणून चार वर्षं मी तिच्या दुरुस्तीत माझे रविवार घातले. सकाळी ती एका बाजूला पार झुकवायची, पेट्रोल उतरू द्यायचं, मग पाच-सहा किका. एकदा सुरू झाली की सपाट रस्त्यावर दिवसभर कुरकुर नाही. चढ मात्र तिला सोसायचा नाही.

दौलताबादच्या घाटात एका वेळी एकच बस निघेल असा जुना दरवाजा आहे. बरोबर त्याच्या कमानीखाली ती बंद पडली. मागे आई. दोन्हीकडे गाड्यांची रांग, हॉर्न. आई उतरली, पदर खोचला आणि ढकलायला लागली. दरवाजाच्या पलीकडे आल्यावर म्हणाली, "तुझं तत्त्व लई जड हाय बाई. पुढच्या टायमाला तूच ढकल."

विकायचं तिथंच ठरलं.

गॅरेजवाल्या चाचांनी सल्ला दिला, "लेनेवाला आने के पहले दस मिनट चालू रख, बेटा. ठंडी गाडी कोन लेता? गरम रही तो एक किक में चालू." मी नाक मुरडलं. आणि रविवारी सकाळी तेच केलं.

घेणारे गृहस्थ माझ्या मामांच्या वयाचे होते. गंगापूरचे, वाळूजच्या एका कंपनीत कंत्राटावर कामाला. त्यांनी किक मारलीच नाही. इंजिनाजवळ नुसता तळहात धरला.

"ताई, कुठं जाऊन आल्या का?"

"हो, आत्ताच बाजारातून आले."

चार वर्षांपूर्वी मला ही स्कूटर विकणारा हेच म्हणाला होता, शब्दाला शब्द. मी विश्वास ठेवला होता.

"मग असू द्या," ते म्हणाले. "बसू जरा. गार होऊ द्या तिला."

आईनं चहा टाकला. चहा पिता पिता ते सांगत होते. पहिली पाळी, सातला गेट बंद. एसटी उशिरा आली म्हणून या महिन्यात दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा उशीर झाला तर ठेकेदार नाव कापणार. "गाडी टायमावर पोचायसाठीच पाह्यजे. दिसायला कशी का असंना."

कंत्राटी कामगारांवर मी दोन पत्रकं लिहिली होती. त्यांच्यातल्याच एकाचं नाव आता माझ्या स्कूटरमुळे कापलं जाणार होतं, आणि मी त्यांना बिस्किटं पुढे करत होते.

मी कप खाली ठेवला. "मामा, मी बाजारात गेले नव्हते. तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवली होती."

"माहितीय की," ते म्हणाले. "गाडीला अडकवलेल्या हेल्मेटवर धूळ केवढी हाय."

मग मी कागद घेतला आणि तिचे सगळे दोष लिहून काढले: सकाळच्या किका, चढावर बंद पडणं, मेलेला पेट्रोलचा काटा. हाताला सवय, त्यामुळे वर ठळक मथळाही दिला आणि त्याखाली रेघ मारली. त्यांनी शांतपणे वाचलं. "खाली मागण्या राह्यल्या की ताई," म्हणाले आणि हसले. कागद परत देताना मात्र हसले नाहीत. "तुम्हाला चालंल, मला नाय चालायची."

दोन आठवड्यांनी फुलंब्रीच्या एका मेकॅनिकनं ती नेली. त्याचं दुकान घरालाच लागून, गेट नाही की पाळी नाही. आधी कागद वाचला, मग गाडी झुकवली. सातव्या किकेला ती सुरू झाली. कागद घडी करून त्यानं खिशात घातला.

तुम्ही गाडी विकायला काढाल तेव्हा एवढं करा: आदल्या दिवसापासून तिला हात लावू नका. आणि घेणाऱ्याला पहिली किक मारू द्या.