चमचाभर मोहरीच्या वजनाची गोळी

शारजाच्या रोल्ला भागात राहणाऱ्या आणि रोज कंपनीच्या बसने दुबईतल्या जबल अलीला जाणाऱ्या माणसाला, एल्क नावाच्या हरणाच्या शिकारीसाठी कोणतं काडतूस घ्यावं, हा प्रश्न सहसा पडत नाही. मला पडला, आणि तो माझ्याच करणीने.

बावीस वर्षांपूर्वी मी इथे नोकरीचा फॉर्म भरत होतो. ‘इतर कौशल्ये’ हा रकाना रिकामा सोडवेना, म्हणून तिथे ‘रायफल शूटिंग’ लिहून टाकलं. ते पूर्ण खोटं नव्हतं. कॉलेजात कॅडेटच्या शिबिरात मी पाच गोळ्या झाडल्या होत्या. माझ्या कागदावर एकही भोक पडलं नाही आणि शेजारच्या मुलाच्या कागदावर पाच गोळ्यांत आठ भोकं निघाली. त्याला शाबासकी मिळाली. मी गप्प बसलो.

आमची कंपनी तंबू, दुर्बिणी, थंडीचे कपडे आणि शिकारीचं सामान आणते. मी खरेदी विभागात. मालक इथलेच, सत्तरीच्या घरातले. त्यांना सगळे अरबाब म्हणतात आणि ते सगळ्यांशी अस्सल मुंबईच्या हिंदीत बोलतात. इथे मी ते मराठीत लिहितोय. गेल्या वर्षी जूनमध्ये त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि गाहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, छोटा कप पुढे केला.

“अमेरिकेतल्या डोंगरात एल्क मारायचा परवाना मिळालाय,” ते म्हणाले. “सोडतीत सात वर्षं नाव घालत होतो. ऑक्टोबरमध्ये जायचंय. यानंतर डॉक्टर सोडणार नाही आणि गुडघेही नाहीत. तू शूटिंगवाला ना? मला असं काडतूस शोध, ज्याची गोळी सरळ रेषेत जाईल. लांबचा अंदाज घेऊन नेम वर धरायचा, हे माझ्या डोळ्यांना आता जमत नाही. काडतूस ठरलं की त्याच मापाची नवी रायफल मागवू.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “इन्शाल्ला, अरबाब. दोन दिवस द्या.”

आता आपल्याकडच्या ऑफिसातल्या माणसाला अडचणीत टाकलं की तो काय करतो? एक्सेल उघडतो. मीही उघडलं. कॅटलॉगमधून एकोणीस काडतुसं उतरवली. गोळी शंभर, दोनशे, तीनशे, चारशे मीटरला किती खाली येते, ते यार्डांतून मीटरमध्ये आणि इंचांतून सेंटिमीटरमध्ये आणलं. ओळींना एकाआड एक रंग दिला. मग ‘कमीत कमी घसरण वर’ असं सॉर्ट मारलं. सगळ्यात वर आलं एक चिमुकलं, भन्नाट वेगाचं काडतूस. त्याची गोळी साडेतीन ग्रॅमची. मी त्याला पिवळा रंग फासला, प्रिंट काढली आणि खाली सही ठोकली.

अरबाबनी कागद पाहिला. त्यांची बोटं रंगीत ओळींवरून फिरली. “माशाल्ला, काय काम केलंयस. खलास, ठरलं. रायफलच्या परवानगीचा अर्ज टाक.”

मी अर्ज टाकला.

शनिवारी जेवताना घरी फुशारकी मारली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “साडेतीन ग्रॅम म्हणजे किती हो?”

“साधारण चमचाभर मोहरी.”

“मग फोडणीला पुरेल. तो प्राणी केवढा असतो?”

मी हात पसरून दाखवलं. माझ्या डोक्यात अल ऐनच्या प्राणिसंग्रहालयातलं ते गोड डोळ्यांचं, कंबरेएवढं हरीण होतं. मुलगी अकरावीत आहे. तिने फोनवरून मान वर न करता सांगितलं, “डॅडी, अॅन एल्क इज द साइज ऑफ अ हॉर्स. विथ अ चँडेलियर ऑन इट्स हेड.”

आणि तिने फोटो माझ्यापुढे धरला. डोंगरउतारावर उभा असलेला तो नर, तीनशे किलोंच्या वरचा. छाती आमच्या फ्रिजएवढी आणि खांद्याचं हाड असं, की माझी मोहरी त्यावर आपटून फुटली असती. प्राणी जखमी होऊन तडफडत जंगलात पळाला असता आणि अरबाबच्या सात वर्षांच्या वाट पाहण्याचा शेवट तसा झाला असता.

“एकोणीस काडतुसांचा तक्ता केलात,” बायको म्हणाली, “आणि ज्याला मारायचं त्याचा फोटो नाही बघितलात?”

मी समोरची पोळी खाल्ली.

सोमवारी केबिनमध्ये शिरलो आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तक्ता बरोबर आहे पण चुकीच्या प्रश्नाचं उत्तर आहे; गोळी सरळ जाईल, पण आत जाणार नाही; अर्ज मागे घ्यायला हवा. अरबाबनी तक्ता उलटा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “खरं सांग. तू कधी गोळी चालवलीस?”

“पाच.”

“कशावर?”

“शेजाऱ्याच्या कागदावर.” आणि आठ भोकांची गोष्ट सांगितली.

ते आधी रागावलेच होते. तसं तोंड मी बावीस वर्षांत दोनदाच पाहिलंय. पण आठ भोकांपाशी त्यांचे गाल हलायला लागले आणि मग ते इतके हसले की उजवा खांदा धरून बसले. खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. ते मला माहीत होतं. फुलं मीच घेऊन गेलो होतो. तक्त्यात त्याचा रकाना नव्हता.

“बस,” ते म्हणाले. “आता माणसासारखं ठरवू.”

त्या दिवशी पहिल्यांदा मी एक्सेल न उघडता काम केलं. तीनशे मॅग्नम या दांडग्या काडतुसाची गोळी सरळही जाते आणि एल्कला पुरूनही उरते. पण तिचा धक्का त्या खांद्याला सोसला नसता, आणि धक्क्याला घाबरलेला माणूस डोळे मिटून घोडा ओढतो. हलक्या काडतुसांना धक्का नव्हता तसा दमही नव्हता. मधे दोन-तीन उरली. नवा अर्ज करावा, तर रांग पुन्हा पहिल्यापासून; परवानगी यायला हंगाम उलटला असता. अरबाब कपातल्या गाहव्याकडे बघत राहिले.

“घरच्या कपाटात माझी जुनी दोनशे सत्तर मापाची रायफल पडलीय,” ते हळूच म्हणाले. “कागदपत्रं सगळी चालू आहेत. मला वाटलं, काळ पुढे गेला.”

काळ फारसा पुढे गेला नव्हता. त्या मापात जड, हाडावर न फुटणारी गोळी मिळते, जवळजवळ दहा ग्रॅमची. दोनशे मीटरवर नेम बसवला की तीनशेला ती जेमतेम एक वीत खाली येते. म्हणजे तीनशेच्या आत नेम जवळपास जिथे हवा तिथेच धरायचा. धक्काही बेताचा. माझ्या रंगीत तक्त्यात हे काडतूस अकराव्या ओळीत होतं, बिनरंगाचं.

ऑगस्टमध्ये सकाळी सहाला आम्ही रेंजवर गेलो. घामाने माझा चष्मा घसरत होता. अरबाबनी दोनशे मीटरवर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही एका बशीत मावतील अशा. मग मला म्हणाले, “यल्ला, तू.” मी एकच झाडली. ती माझ्याच कागदावर लागली. कडेला, पण माझ्याच.

परतल्यावर मी नेमाची गोष्ट घरी सांगितली, तेव्हा बायको म्हणाली, “लेहला आपली डाळ शिजत नव्हती, आठवतं? तिथली हवा विरळ. मग तुमची गोळी तिथे अशीच चालेल का?” मी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. आम्ही नेम बसवला होता समुद्रकाठी, ऑगस्टच्या उकाड्यात. शिकार होती उंच डोंगरात, बर्फाच्या तोंडावर. दुसऱ्याच दिवशी अरबाबना सांगितलं: पोहोचल्यावर आधी तिथे कागदावर गोळ्या झाडा, मगच डोंगर चढा.

“हे कुठल्या तक्त्यात होतं?” त्यांनी विचारलं.

“डाळीच्या पातेल्यात,” मी म्हणालो.

ऑक्टोबरात एका दुपारी गोदामात पेट्या मोजत असताना त्यांचा व्हिडिओ कॉल आला. लोकरीच्या टोपीत त्यांचा चेहरा ओळखू येईना; नाक लाल झालं होतं. तीनशे मीटरला गोळी दोन बोटं वर लागत होती, ती त्यांनी पहिल्याच दिवशी दुरुस्त करून घेतली होती. चौथ्या दिवशी एल्क मिळाला. एकच गोळी, जागेवर.

“किती लांब होता, अरबाब?”

त्यांनी टोपी कानांवर ओढली.

“नव्वद पावलं. झाडांतून सरळ माझ्याकडे चालत आला.”

एकोणीस काडतुसं, चारशे मीटर, दोन रंग. मी पेटीवर बसलो.

“हबीबी, हसू नकोस,” ते स्वतः हसत म्हणाले. “सरळ गोळी पाहिजे होती, सरळ गेली. आणि ऐक, माझे गुडघे मला वाटले त्यापेक्षा बरे निघाले. सोडतीत पुन्हा नाव घालतोय. या वेळी कागदपत्रं करायला तू बरोबर ये.”

मी इन्शाल्ला म्हणालो, आणि त्या दिवशी मनापासून म्हणालो. आता दर शनिवारी मी आणि मुलगी रेंजवर जातो. ती माझ्या शेजारच्या लेनमध्ये उभी असते आणि प्रत्येक फेरीनंतर स्वतःच्या कागदावरची भोकं दोनदा मोजते.