भावजींनी बुडवलेला माझा नवरा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीला सुटली. हे कोणाच्या हाती पडलंच तर त्याने सांभाळून घ्यावं. पण आमच्या भावजींनी जेवढी माणसं मारली तेवढी या किनाऱ्यावर कुठल्या साथीनेही मारली नसतील, आणि हे कोणीतरी लिहून ठेवायला हवं.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मावसभाऊ, भजनी बुवा. देवगडपासून वालावलपर्यंत कुठेही जत्रा असो, हे पेटी घेऊन हजर. दोन अभंग झाले की गावात घडलेल्या गोष्टीवर स्वतः रचलेलं गाणं सुरू. घडलेली गोष्ट मात्र त्यांना कधीच पुरत नाही. शेजाऱ्यांची गाय एका संध्याकाळी चुकली, तर गाण्यात तिला वाघाने खाल्लं. बाया डोळे पुसत होत्या आणि गाय मांडवाबाहेर हंबरत होती. जामसंड्याच्या एका दुकानदाराचा पाय मुरगळला, तो यांनी गुडघ्यापासून कापला. तो बिचारा अजून दोन्ही पायांवर उभा राहून साखर तोलतो आणि गिऱ्हाइकं वाकून वाकून त्याचा पाय बघतात. कोणी खोटेपणा दाखवला तर भावजी चिडत नाहीत, त्यांना वाईट वाटतं. गाताना ते स्वतःच इतके रडतात की पेटी थांबवून पंच्याने नाक पुसावं लागतं.

मग आमची पाळी आली. होडीचं इंजिन बंद पडून माझा नवरा रात्रभर समुद्रात राहिला, सकाळी दुसऱ्या होडीला बांधून बंदरात आला, घरी येऊन पेज जेवला आणि झोपला. भावजींनी त्याला बुडवला. गाण्यात मी किनाऱ्यावर धावते, लाटांना ओरडून हाका मारते. खरं तर मी अंगणातही मोठ्याने बोलत नाही. ते गाणं मोबाईलवरून मुंबईला पोचलं, तिथल्या मंडळाने भावजींना बोलावलं आणि ऐकून रडलेल्या चाकरमान्यांनी विधवेसाठी वर्गणी काढली. भावजी ती घेऊन आमच्या पडवीत आले. माझ्या नवऱ्याने केलेला चहा प्यायले, आणि त्याच्याच समोर त्याच्यासाठी रडत पैसे माझ्या हातात ठेवले. मी नको नको म्हणत राहिले. नवरा म्हणाला, बुडालो मी, तेव्हा हक्क माझा. आणि त्याने इंजिन दुरुस्त करून आणलं.

चतुर्थीला मंडळातली एक म्हातारी गावी आली. माझ्यासाठी पांढरं लुगडं घेऊन ती दारात उभी राहिली.

"बुडालेल्याचां घर ह्यांच काय रे?"

"ह्यांच. मीच तो. बसा, चाय घेवा," नवरा म्हणाला.

म्हातारीने माझं कुंकू बघितलं, लुगडं पिशवीत घातलं आणि चहा न घेता निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच भावजींसमोर तोंड उघडलं. मंडळाला खरं सांगा आणि पैसे परत करा, नाहीतर बाजारात मासळी घेऊन मी कुठल्या तोंडाने बसू?

भावजींनी पंच्याने डोळे पुसले.

"वयनी, बुडालेलो घोव परत इलो तर लोक उठान घराक जातत," ते म्हणाले. मग पेटीवर हात ठेवून म्हणाले, "मारलंय मी, भरतलंय मीच."

तेव्हापासून मिळेल ती बिदागी ते मंडळाला पाठवू लागले, आणि पैसे फिटेपर्यंत नवऱ्याला बुडवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. प्रत्येक मांडवात नवं कडवं म्हणत: होडी परत येते, नवरा पेज जेवतो. पेज येईपर्यंत लोक चपला शोधायला लागत. बोलावणी कमी झाली. भावजी वाळले. गाय चुकली तरी आता गाण्यात ते तिला संध्याकाळी गोठ्यात आणून बांधत.

परवा दुपारी ते आले, पडवीत टेकले आणि शेवटचे पैसे मंडळाला पोचल्याचं सांगितलं. मी पाणी दिलं. मग धीर करून म्हटलं, ते पहिलं गाणं एकदा म्हणा की. ते नवऱ्याकडे बघू लागले. नवरा जाळं सांधत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हण रे. आता कोणाचां काय देणां नाय."

भावजींनी पेटीशिवायच म्हटलं. मी चुलीपाशी जाऊन पोटभर रडले, आणि तो पडवीत जाळं तसंच हातात धरून, मी त्याला मारलेल्या हाका ऐकत बसला होता.