लाल डबीचं बटण

आमचे हे बोलायला भारी कंजूष. लग्नानंतर मला वाटलं, माणूस घुमा आहे. मग कळलं, ह्यांचं सगळं बोलणं गिटारमधून चालतं. संध्याकाळी हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवायचे, दुपारी घरी सराव. मी स्वयंपाकघरात असले तरी मला कळायचं, स्वारी खुशीत आहे की कुठे बिनसलंय. पायाशी गिटारचा सूर बदलणारी एक लाल डबी असायची. तिचं गेनचं, म्हणजे सूर किती फुगवायचा त्याचं, बटण असं लावलेलं, की तार हळू छेडली तर सूर स्वच्छ यायचा, जोरात छेडली तरच फाटायचा. बाकीचे गिटारवाले सूर बदलायला पायाने बटणं दाबत बसायचे. ह्यांचा सगळा कारभार हातावर. शिकायला येणाऱ्या पोरांना एकच सांगणं, "आधी स्वतःचा हात ओळख, मग बटणाला हात लाव."

फाटका सूर घरभर घुमला की मी आतून ओरडायचे, "अहो, जरा हळू वाजवा. शेजारी माणसं राहतात." त्यावर हे मुद्दाम एक फटका आणखी जोरात मारायचे.

मग अर्धांगवायूने ह्यांचा उजवा हात गेला. परत आला, पण अर्धाच. पिक, म्हणजे छेडायची चकती, धरता येत होती, तार छेडता येत होती, जोर मात्र नावाला नव्हता. "रविवारी बँडबरोबर वाजवून बघतो," हे म्हणाले. "नाही जमलं तर गिटार देऊन टाकायची." गिटार गेली तर हा माणूस माझ्याशी बोलणार कशातून?

माझे धाकटे दीर त्याच बँडमध्ये ड्रम वाजवतात, आवाजाची यंत्रंही तेच सांभाळतात. भावावर जीव आहे त्यांचा. रविवारी त्यांनी ह्यांच्या नकळत गिटार आणि स्पीकरच्या मध्ये एक कॉम्प्रेसर जोडला. तो हळू सूर वर उचलतो, मोठा खाली दाबतो, सगळं एका पातळीत आणतो. हे वाजवायला लागले आणि हॉटेलचा हॉल सुराने भरून गेला. सगळे वाहवा करत होते. मी वेडी डोळे पुसत बसले होते.

हे मध्येच थांबले. एक तार अगदी हळू छेडली. मग तीच, होता नव्हता तेवढा जोर लावून. दोन्ही सूर सारखेच आले. ह्यांनी वायर उपटली.

"दादा, ऐकणाऱ्यांना काय कळतंय?" भाऊजी म्हणाले.

"मला कळतंय ना. हा माझा हात नाही." हे म्हणाले, आणि भाऊजींना सांगून टाकलं, "उद्या घरी ये, गिटार घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी गिटारची पेटी दाराशी तयार. बाकीच्या बायका रडतात, मला राग येतो. मी पेटी उघडली, गिटार ह्यांच्या मांडीवर ठेवली आणि लाल डबीपाशी जमिनीवर फतकल मारली.

"पोरांना शहाणपण शिकवायचात, हात ओळख म्हणून. आणि स्वतः जुन्या हाताला लावलेलं बटण धरून बसलात. वाजवा, होईल तेवढं जोरात."

ह्यांनी गिटार नीट धरली. मग वाजवलं. बारीक, स्वच्छ सूर. मी गेन वाढवला. पुन्हा वाजवलं, मी पुन्हा वाढवला. गेनबरोबर पंख्या-ट्यूबच्या विजेची घरघरही वाढली, म्हणून उठून पंखा बंद केला, ट्यूब बंद केली. बटण जवळजवळ शेवटाला आलं तेव्हा ह्यांचा सगळ्यात जोराचा फटका कडेला जरासा फाटला. ह्यांनी लगेच हळू छेडून पाहिलं. स्वच्छ.

"हॉटेलात हे चालायचं नाही," हे म्हणाले. "तिथे आवाज मोठा, एवढ्या गेनला स्पीकरमधून नुसत्या शिट्ट्या वाजतील."

"मग हॉटेल गेलं. घर आहे ना?"

ह्यांनी मान खाली घातली. मग वाजवायला लागले. आधी हळू, मग चढत चढत. हातावरचा राग, भावावरचा राग, माझ्यावरचासुद्धा, सगळा त्यात होता. आजारपणानंतर हे एकदाही माझ्यावर चिडले नव्हते, आणि तेच मला सहन होत नव्हतं. गिटार न्यायला आलेले भाऊजी दारातच उभे राहिले.

"अहो, जरा हळू वाजवा," मी म्हणाले. "शेजारी माणसं राहतात."

ह्यांनी वर पाहिलं नाही. एक फटका आणखी जोरात मारला.