गडावरचा पीस आणि सोफ्याची खोळ

सून म्हणाली, "आई, रविवारी भंगारवाल्याला बोलावते. हा सोफा काढून टाकू."

सोफा फाटला होता, खोटं कशाला बोलू? पण हल्लीचे नवे सोफे पार जमिनीला टेकलेले असतात. शेजारणीकडे तसल्यावर बसले, तर मला उठवायला दोघीजणी लागल्या. आमचा सागवानी आहे, उंच, धरायला लाकडी हात असलेला. माझ्या गुडघ्यांना तोच एक चालतो. तो गेला की मी दिवसभर पलंगावर पडून राहणार, हे मला कळत होतं. म्हटलं, "रविवारपर्यंत थांब. मी खोळ शिवते."

"आणि कापड?"

कापड ट्रंकेत होतं. ओटीत आलेले ब्लाउजपीस कोण शिवतं? इकडून आले, तिकडे दिले. देऊन देऊनही ढीग उरलाच होता. तो सगळा भिजवून वाळवला, नाहीतर पहिल्याच धुण्यात कापड आटतं. सुती पीस बैठकीला घेतले. टेरीकॉटचे पाठीला, कारण त्यावर बसलं की माणूस घसरतो. चौकोन कापून जोडले, आतून जुन्या चादरीचं अस्तर लावलं, खाली बांधायला नाड्या. मशीन पायाची, गुडघे दुखायचे तेवढे दुखले. शनिवारी खोळ चढवली. बरी दिसत होती.

रविवारी सकाळीच कळवणहून नणंद आली. बसता बसता थांबली.

"वहिनी, हा मधला हिरवा म्या दिलेला! गडावरचा हाय, देवीच्या ओटीतला. त्याच्यावर बुड टेकू का?"

मला आठवलंच नव्हतं. प्रसादाचे पीस वेगळे ठेवायचे, एवढी साधी गोष्ट विसरले होते. सून माझ्याकडे बघत राहिली. मी ब्लेड घेतलं, नणंदेला म्हटलं, "उभी राहा जरा," आणि तो चौकोन उसवला.

"वरती डोक्याशी लाव. तिथं चालंल," ती म्हणाली.

"आणि या भोकात काय घालू? तुझं डोकं?"

ती हसली. सुनेच्या ओटीसाठी आणलेला पीस तिने पिशवीतून काढून दिला. उलगडला, तर कोपऱ्यात हळदीचा डाग. गेल्या संक्रांतीला आमच्याच घरातून तिच्याकडे गेलेला.

"चांगला सांभाळलास गं."

"तू तरी कुठं शिवणार होतीस?"

घाईत भोकात तोच लावला, न भिजवता, आणि हिरवा वर डोक्याशी टाचला. मग ती बसली, चहा प्यायली आणि सोफ्याचा हात धरून एकटीच उठली. तिचेही गुडघे गेलेले आहेत. सुनेला म्हणाली, "माझ्याकडचा नवा घेऊन जा अन् हा मला दे. त्याच्यातून उठायचं तर मला घरात हाका माराव्या लागत्यात."

सून आत गेली आणि भंगारवाल्याला फोन करून नको म्हणाली.

तो एक चौकोन पुढच्या धुण्यात आटणार. आटला की परत उसवीन.