दाराबाहेरचे बूट

आमच्या आत्याने जन्मात लग्न केलं नाही, पण परदेशात तिला एक नवरा होता. आजारी, अबोल आणि डाव्या पायाने जरा अधू. हे मी चेष्टेने सांगते खरी, पण सांगून झालं की मलाच वाईट वाटतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिने उभी हयात घालवली. लोकांच्या शिरा शोधायच्या, बाटल्यांना लेबलं चिकटवायची आणि घरी येऊन आमच्या सगळ्यांच्या उस्तवाऱ्या करायच्या. तिला कोणी मागणी घातली नाही असं नाही. पण आधी आजोबांचं आजारपण निघालं, मग आजीचं, आणि विचारणारे विचारायचे थांबले. तिने कधी कुरकुर केली नाही, म्हणून आम्हीही कधी विचारलं नाही. सोयीचंच होतं ते आम्हाला.

पंचेचाळिशी उलटल्यावर एकदा जेवता जेवता ती म्हणाली, "मी परदेशात जाऊन येणार आहे. एकटी. समुद्रकाठी एक गाव आहे, तिथे महिनाभर राहीन."

बाबांचा घास हातातच राहिला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिथे काही झालं तर कोणाला हाक मारशील?"

आई मात्र शांतपणे म्हणाली, "वन्सं, तुम्ही खुशाल जा. फक्त ह्यांचे जुने बूट बरोबर न्या. खोलीच्या दाराबाहेर ठेवायचे. आत पुरुषमाणूस आहे असं वाटलं की कोणी फिरकत नाही."

बाबांचे ते तपकिरी बूट म्हणजे दोन होड्याच. डावी टाच एका अंगाने झिजलेली, कारण बाबा पाय वाकडा टाकतात आणि ते मेले तरी कबूल करत नाहीत. आत्याने ते पिशवीत घातले. एक साधी अंगठीही बोटात चढवली. झाली लग्नाची बायको.

पुढचं सगळं मला कळलं ते कितीतरी वर्षांनी, मी स्वतः शिकायला बाहेर निघाले तेव्हा. माझी बॅग भरताना तिने सांगितलं.

बूट कामाला आले, हे आधी सांगायला हवं. गेल्या गेल्याच बाजारातून एक माणूस तिच्या मागे लागला. ती थांबली की तो थांबायचा. ती जवळजवळ पळतच जिना चढली, बूट दाराबाहेर होतेच, आत शिरून कडी लावली. दारावर टकटक झाली. मग ती मोकळ्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "अहो, बघा हो जरा कोण आलंय."

बाहेर क्षणभर काही हाललं नाही. मग पावलं खाली गेली. आत्या पलंगावर बसून राहिली. "आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी अहो म्हटलं," ती मला म्हणाली, "आणि ते न्हाणीघराच्या दाराला." आम्ही दोघी हसलो, पण तिचं हसणं लवकर संपलं.

त्यानंतर तिच्या चपलेचा बंद तुटला. घरमालकिणीने सांगितलं, आपल्याच जिन्याखाली बूट दुरुस्त करणारा बसतो. आत्या त्याला 'बूटवाले' म्हणते, आणि एकेरीत कधीच बोलत नाही. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दुकान एवढंसं. भिंतीला बूट बेतायच्या लाकडी पायांच्या ओळी, कातड्याचा आणि डिंकाचा वास, गिऱ्हाइकाला एकच स्टूल. त्यांनी चप्पल हातात घेतली आणि ती कुठून आली, एकटी आहे का, किती दिवस राहणार, यातलं काहीही विचारलं नाही. आत्याला ते बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती दुसरी चप्पल घेऊन गेली. तिला काहीही झालं नव्हतं.

मग चहा सुरू झाला. दोघांचंही इंग्रजी मोडकंतोडकं, उरलेलं हातवाऱ्यांनी. ते कातडं कापायचे, ही सुताला मेण लावून द्यायची. सुई धरायचा तिचा हात बघून ते म्हणाले, तुमच्या हातात कसब आहे. इतकी वर्षं लोकांना टोचलं, पण हे तिला कोणी म्हटलं नव्हतं.

एकदा त्यांनी विचारलं, "वर तुमचे मिस्टर आहेत ना? घरमालकीण म्हणाली. ते कधी खाली येत नाहीत?"

"त्यांना बरं नसतं," आत्या बोलून गेली.

झालं. त्या दिवसापासून रोज त्या नवऱ्याची चौकशी. ताप उतरला का, जेवले का. एकदा त्यांनी संत्री दिली त्याच्यासाठी. आत्याने खोलीत बसून ती सगळी एकटीने खाल्ली आणि रडली.

"मग सांगायचंस ना त्यांना," मी वैतागून म्हटलं. "कोणी नाही वर, म्हणायचं."

"रोज ठरवायचे गं. जिना उतरताना वाक्य पाठ करायचे. पण तोंडाशी आलं की वाटायचं, वर कोणी नाही हे यांना कळलं, तर?"

"पण ते तर चांगले होते."

"चांगलेच होते. त्यांची भीती नव्हती वाटत. भीती मी घरूनच नेली होती, ती कुठे उतरवून ठेवायची तेच कळेना."

निघायच्या आदल्या दिवशी तिने पक्कं ठरवलं. तोंड धुऊन, बरी साडी नेसून दार उघडलं, तर बूट जागेवर नाहीत. ती घाबरून खाली गेली. बूट त्यांच्या मांडीवर होते. टाच नवी बसवलेली, आत कातड्याचा एक पातळ तुकडा शिवलेला, वर पॉलिश. ते म्हणाले, "तुमच्या मिस्टरांचा डावा पाय दुखत असणार. टाचेवरून कळतं. आता त्यांना सांगा, थोडं चालून बघा. अशी सोबत असताना माणसाने खोलीत पडून राहू नये."

आत्याने बूट घेतले. "ते आभारी आहेत," म्हणाली आणि जिना चढली.

आत्या घरी परतल्यावर बाबांनी बूट घालून अंगणात फेऱ्या मारल्या. "अरे वा, टाच दुखत नाही की," म्हणाले. आत्याने ते त्यांच्या पायातून अक्षरशः ओढून काढले. बाबा बघतच राहिले. आम्हाला वाटलं, परदेशी जाऊन हिचं डोकं फिरलं.

"पत्राने कळवायचंस नंतर," बॅग भरता भरता मी म्हटलं. "मारून टाकायचंस त्या नवऱ्याला. तसाही आजारीच होता."

"तेही मनात आलं होतं," ती म्हणाली. "मग ते हळहळले असते. माझ्या खोट्या माणसासाठी त्यांनी खरं दुःख करायचं? तेवढं नाही जमलं." ती माझ्या कपड्यांची उगाच पुन्हा पुन्हा घडी करत होती. "मी चुकले गं. त्या पहिल्या माणसापुरता नवरा हवा होता. मी तो सगळ्यांनाच दाखवत बसले."

मग उठून तिने कपाटाच्या तळातून ते बूट काढले. पॉलिश अजून होतं. दर दिवाळीला नव्हे, दर महिन्याला करत असणार. तिने ते माझ्या बॅगेत कपड्यांखाली नीट बसवले.

"दाराबाहेर ठेवत जा," ती म्हणाली. "आळस करू नकोस."

"ठेवीन."

"आणि एखादा बरा माणूस भेटला, तर बूट उचलून आत घे."

तिने बॅगेची चेन लावली, ती मध्येच अडकली, म्हणून मी बॅग दाबून धरली आणि तिने ओढली.